एका चाव्याची किंमत

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर बुटीबोरी आणि बोरखेडी मागे टाकते आणि मग सिंदी येते. सरकारी कागदोपत्री गावाचे नाव सिंदी (रेल्वे). वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) नावाचे दुसरे गाव आहे. त्याच्याशी घोटाळा नको म्हणून की काय, आमच्या सिंदीला कंसातली रेल्वे चिकटली, ती कायमची. १८६७ साली ही लाइन नागपूरला पोचली, तेव्हापासून रूळ हीच गावाची खूण.

लहानपणची एक आठवण आजही ताजी आहे. रात्रीची जेवणे आटोपून अंगणात खाटा पडलेल्या असायच्या. अशा वेळी बॅटरीच्या उजेडात दोन-तीन माणसांचे पथक दारात येई. हातात काचपट्ट्यांचा डबा. बोटाला सुई टोचायची, रक्ताचे थेंब काचेवर घ्यायचे, नाव लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. 'हत्तीपायाचं रगत' असे आम्ही त्याला म्हणत असू. आम्हा पोरांना वाटे, ही माणसे रात्रीच का येतात? दिवसा रक्त आटते की काय? खरे कारण पुढे शिकताना कळले. हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्ले दिवसभर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, क्युलेक्स जातीचा डास चावायच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. चोर रात्री हिंडतो, म्हणून शिपायालाही रात्रीच गस्त घालावी लागते.

माझ्या काकूंच्या बोटालाही अशीच सुई टोचली गेली होती. त्या आजही सांगतात, "रगत नेलं बाप्पा, पन त्यात काय निंगालं ते सांगाले कोनी आलं नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडेच परत येणार आहोत.

अलीकडे गावी गेलो होतो. बोलता बोलता एक बातमी निघाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, जुलै २०२३ मध्ये एका धोरणाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. विषय असा : निरोगी माणसाला, त्याच्या संमतीने, नियंत्रित परिस्थितीत मुद्दाम रोगजंतूंची लागण करायची, आणि त्यातून लस किंवा औषध किती चालते ते तपासायचे. असे अभ्यास भारतात करायचे झाल्यास ते कोणत्या नीतीने करावेत, हा त्या मसुद्याचा प्रश्न होता. काकूंनी ऐकून घेतले आणि विचारले, "चांगल्या मानसाले रोग लावतेत? अन् तो लावून घेते?"

काकूंचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगातल्या मोठमोठ्या नीतिसमित्या याच प्रश्नाशी झगडल्या आहेत. म्हणून आज त्याचा इतिहास सांगतो.

लागण कशासाठी?

आधी गरज समजून घेऊ. लस तपासायची नेहमीची पद्धत अशी : हजारो लोकांना लस द्यायची, तितक्याच लोकांना द्यायची नाही, आणि कोणाला रोग होतो याची वर्ष-दोन वर्षे वाट पाहायची. हा खर्चिक मामला. दहा लसी तपासायच्या तर दहा वेळा हा खटाटोप. त्याऐवजी मोजक्या स्वयंसेवकांना लस देऊन नंतर मुद्दाम लागण केली, तर काही आठवड्यांत कळते की लस कामाची की निकामी.

हिवतापाच्या लसींची चाळणी अशीच झाली. प्रयोगशाळेत वाढवलेले, हिवतापाचे परजीवी पोटात असलेले पाच डास स्वयंसेवकाच्या हाताला चावू द्यायचे, नंतर रोज रक्त तपासायचे आणि परजीवी दिसताच औषध द्यायचे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका छोट्या अभ्यासात आरटीएस,एस या लसीने सातपैकी सहा जणांना वाचवले. त्या सात माणसांच्या आधारावर पुढची मोठी चाचणी उभी राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या मुलांसाठी या लसीची शिफारस केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर-२१ या दुसऱ्या लसीचीही शिफारस झाली. ही लस ऑक्सफर्डमध्ये तयार झाली आणि तिचे उत्पादन आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. तीही आधी इंग्लंडमधल्या स्वयंसेवकांनी डासांचे चावे सोसून पारखली होती. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे गेली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुले. ही संख्या समोर ठेवली म्हणजे चाव्यांची निकड कळते.

निकड असली म्हणजे सगळे क्षम्य होते का? इतिहास सांगतो, नाही.

एक आण्याचा चावा

हिवताप डासामुळे होतो, हा शोध आपल्याच मातीत लागला. रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर सिकंदराबादला होते. १८९५ मध्ये त्यांनी एका रोग्याला चावलेले डास पाण्यात मरू दिले आणि ते पाणी लक्ष्मण नावाच्या निरोगी माणसाला प्यायला दिले. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने ताप येतो, असा तेव्हाचा एक तर्क होता. लक्ष्मणला थोडा ताप आला, पण तर्क काही सिद्ध झाला नाही. पुढे ऑगस्ट १८९७ मध्ये हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला त्यांनी मच्छरदाणीत डास चावू दिले, एका डासामागे एक आणा देऊन. त्याच डासांपैकी एकाच्या पोटात २० ऑगस्टला रॉस यांना परजीवीची वाढ दिसली. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रॉस क्रूर नव्हते. त्यांच्या काळात असेच चाले. पण आज आपण विचारायला हवे की लक्ष्मणला आपण काय पितो आहोत हे त्याच्या भाषेत कोणी सांगितले होते का? आणि लष्करी साहेबाने विचारल्यावर 'नाही' म्हणायची सोय त्याला होती का? आणा ही मोबदल्याची रक्कम होती, की गरिबाला मोहात पाडणारी?

याच्या अगदी उलट उदाहरण लंडनचे. रॉस यांचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांनी १९०० साली रोमहून हिवतापाचे डास मागवले आणि ते चावून घेतले कोणी, तर त्यांच्या वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मुलाने. मुलाला ताप आला, क्विनाइनने उतरला. गुरूने धोका स्वतःच्या घरात घेतला म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो. पण काही महिन्यांनी त्या मुलाचा ताप उलटला. आजार संपला असे समजले होते, तो यकृतात लपून बसला होता. म्हणजे जाण असलेला, राजीखुशीने आलेला स्वयंसेवक असूनही विज्ञानाला पुरते ठाऊक नव्हते की आपण त्याला काय देत आहोत. संमती मोलाची खरी, पण एकटी संमती पुरत नाही.

मराठी वाचकाला मुंबईचे हाफकिन आठवतील. प्लेगची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. तिथे प्लेगची लागण मुद्दाम केलेली नव्हती, साथच तुरुंगात शिरली होती. पण तुरुंग हा शब्द या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो, हे ध्यानात ठेवा.

तुरुंग आणि छावणी

दुसऱ्या महायुद्धात हिवतापाने सैन्ये जायबंदी केली आणि औषधाची घाई सुटली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात चारशेहून जास्त कैद्यांना हिवतापाची लागण करण्यात आली. त्यांच्या सह्या घेतल्या होत्या, आणि शिक्षा कमी होण्याची आशाही होती. त्याच काळात जर्मनीत डाखाऊच्या छळछावणीत क्लाउस शिलिंग या वयोवृद्ध हिवतापतज्ज्ञाने हजाराहून अधिक बंदिवानांवर हाच प्रयोग केला. तिथे ना सही, ना नकाराची सोय. अनेक जण दगावले. शिलिंग यांना मे १९४६ मध्ये फाशी झाली.

न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी काय करावे? त्यांनी स्टेटव्हिलकडे बोट दाखवले. तुमचे कैदी आणि आमचे कैदी यांत फरक तो काय, असा त्यांचा सवाल होता. फरक होताच, आणि मोठा होता. पण सवाल बोचरा होता. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिले कलम त्यातूनच धारदार झाले : माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे.

आपल्याकडेही त्याच सुमारास एक प्रयोग झाला. काळा आजार वाळूमाशीमुळे पसरतो असा संशय होता, पण पुरावा वर्षानुवर्षे हुलकावणी देत होता, कारण माशी एकदा रक्त प्यायली की दुसऱ्यांदा चावायच्या आत मरून जाई. मग माशांना मनुके खाऊ घालायची युक्ती सापडली. त्या जगल्या आणि त्यांच्यात परजीवी भरपूर वाढला. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात अशा माशा स्वयंसेवकांना चावू दिल्या आणि त्यांना काळा आजार झाल्याचे दाखवून दिले. शोध पक्का झाला. पुस्तकांत तीन शास्त्रज्ञांची नावे राहिली, चावा घेणाऱ्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत.

हान्सेन आणि बाबा

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पुढची गोष्ट परजीवीची नाही, जिवाणूची आहे. पण वर्धा जिल्ह्यात राहून ती टाळता येत नाही.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. तो जंतू रोग देतो हे सिद्ध करायला त्यांनी १८७९ मध्ये रुग्णालयातल्या एका बाईच्या डोळ्याला, तिला न विचारता, कुष्ठाच्या गाठीतला अंश सुईने लावला. बाईने तक्रार केली. १८८० मध्ये न्यायालयाने हान्सेन यांना रुग्णालयाच्या पदावरून दूर केले. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाविरुद्ध एका रोगी बाईचे म्हणणे न्यायालयाने ऐकले, हे विसरू नये असे आहे.

त्यानंतर सत्तर वर्षांनी हिंगणघाटात जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे, आपले बाबा, कोलकात्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. तो जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हता, प्राण्यांतही वाढत नव्हता, म्हणून औषध तपासायची सोय नव्हती. बाबांनी आपले शरीर देऊ केले आणि त्यांना जंतू टोचले गेले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. जंतू रुजले नाहीत. प्रयोग फसला, बाबा वाचले आणि आनंदवन उभे राहिले.

लहानपणी ही गोष्ट आम्ही धाडसाची म्हणून ऐकली. आज ऐकताना मनात आणखी काही प्रश्न येतात. कुष्ठरोग उघडा पडायला वर्षे लागतात. बाबांना तो पाच वर्षांनी झाला असता तर त्यांच्यावर उपचाराची जबाबदारी कोणाची होती? घरी साधनाताई आणि दोन लहान मुले होती, त्यांचे काय? देणाऱ्याने देताना हिशेब केला नाही, तो थोर होता. पण घेणाऱ्याने हिशेब करायलाच हवा. ज्याचे मन मोठे, त्याच्याबाबतीत तर जास्तच.

कोणता रोग चालेल?

आजचे नियोजन नेमके इथून सुरू होते. पहिला प्रश्न माणसाचा नाही, परजीवीचा : दिलेला रोग परत घेता येतो का?

हिवतापाचे उत्तर आज 'होय' असे आहे. त्यातही उलटणारा व्हायव्हॅक्स नव्हे, तर मुख्यतः फाल्सिपॅरम वापरतात. तो वेळीच न पकडल्यास जास्त घातक, पण यकृतात लपून बसत नाही आणि औषधाने पुरता जातो. मॅन्सन यांच्या मुलाच्या उलटलेल्या तापाचा धडा इथे उपयोगी पडला.

शिस्टोसोमा या जंताचे उत्तर अवघड होते. हा जंत गोगलगायीतून पाण्यात येतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. आपल्याला वाटते, हा आफ्रिकेचा आजार. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा हाच आजार स्थानिक असल्याचे दाखवून दिले होते. या रोगात खरे नुकसान करतात ती जंताची अंडी. हॉलंडमध्ये लायडनच्या शास्त्रज्ञांनी त्यावर तोडगा काढला. स्वयंसेवकांना फक्त नर जंतच द्यायचे. मादी नाही, तर अंडी नाहीत. सतरा जणांवरचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ताप आला, त्रास झाला, पण कोणाच्या पोटात अंडी साठली नाहीत. पुढे युगांडात असा अभ्यास करायचा विचार सुरू झाला, तेव्हा जंत आणण्याआधी तिथल्या गावकऱ्यांशी, कोळ्यांशी, अधिकाऱ्यांशी बोलणी झाली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आणि आमचा हत्तीरोग? तिथे उत्तर 'नाही' असे आहे. मोठे जंत लसिकावाहिन्यांत अनेक वर्षे जगतात. रक्तात पिल्ले दिसायलाच कित्येक महिने लागतात. डीईसीची गोळी पिल्लांना मारते, पण सगळ्या मोठ्या जंतांचा निकाल लागेल अशी खात्री देत नाही. आणि वाहिन्या एकदा सुजून खराब झाल्या की पाय पूर्ववत होत नाही. दिलेला रोग परत घेता येत नाही, म्हणून तो द्यायचा नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगावर दीर्घकाळ काम केले, ते रोग्यांच्या रक्तातून निदानाच्या चाचण्या शोधण्याचे. मुद्दाम लागण न करताही विज्ञान पुढे जाते, याचा दाखला आपल्या दाराशीच आहे.

सिंदीत विचारले तर?

समजा, उद्या हिवतापाचा असा अभ्यास नागपुरात ठरला आणि आपल्या गावच्या पोरांना विचारणा झाली. काय पाहायचे?

पहिली गोष्ट पैशाची. कामाचे दिवस बुडतात, दवाखान्यात राहावे लागते, त्याची भरपाई द्यायलाच हवी. फुकट राबवून घेणे ही नीती नव्हे. पण रक्कम इतकीही नको की कपाशी बुडालेल्या वर्षी माणूस डोळे मिटून हात पुढे करेल. केनियातल्या किलिफी इथे असे अभ्यास झाले तेव्हा नेमक्या याच मुद्द्यावर वाद झाला. एक आण्याचा प्रश्न सव्वाशे वर्षांनीही सुटलेला नाही.

दुसरी गोष्ट समजण्याची. कागद वाचून दाखवला म्हणजे समजले असे होत नाही. अभ्यासात येणाऱ्याने आपल्याला काय होणार, ते स्वतःच्या बोलीत परत सांगून दाखवावे, मगच सही. आणि सही केल्यावरही कधीही निघून जाता यावे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या असल्याचे उघड झाले. प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. एका चुकीच्या सहीमुळे चांगल्या लसीवरचाही विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. भारतात २०१९ पासून लागू असलेल्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. नीतिसमितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो आणि समितीत एक सामान्य नागरिकही लागतो. तो सामान्य नागरिक नुसता खुर्चीवर बसणारा नसावा, काकूंसारखा विचारणारा असावा.

चौथी गोष्ट शेजाऱ्यांची. लागण झालेला स्वयंसेवक घरी गेला आणि त्याला गावातला डास चावला, तर रोग गावात उतरतो. ज्याने सही केली नाही त्यालाही. म्हणून बंद खोली, जाळ्या आणि पूर्ण बरा झाल्याशिवाय घरी न सोडणे, हे सारे आलेच.

आणि पाचवी, फळाची. लस निघाली तर ती चावा घेणाऱ्याच्या गावापर्यंत, त्याला परवडेल अशा दरात येणार का? हे आधी ठरले पाहिजे, नंतर नव्हे.

आयसीएमआरच्या मसुद्यानेही निरोगी प्रौढांपुरतेच हे अभ्यास ठेवावेत, मुलांना त्यात घेऊ नये, असा रोख ठेवला होता. असे अभ्यास भारतात कधीच होऊ नयेत, असे मी म्हणणार नाही. इतरांच्या अंगावर पारखलेली लस आपण घ्यायची आणि आपल्या माणसाने कधीच हात पुढे करायचा नाही, हेही बरोबर नव्हे. शिवाय परक्या देशातल्या निरोगी अंगावर जी लस चालते, ती वारंवार ताप भोगलेल्या आपल्या अंगावर तशीच चालेल असे नाही. पण हात पुढे करणाऱ्याला माणूस म्हणून वागवायची तयारी आधी दिसली पाहिजे.

ती तयारी कुठे दिसते? मोठ्या मसुद्यात दिसतेच असे नाही. ती छोट्या गोष्टीत दिसते. काकूंना मी हे सगळे सांगितले. डास, नर जंत, बाबा आमटे, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "हे समदं बराबर आहे बाबू. पन ज्यानं रगत नेलं, त्यानं वापस येऊन सांगावं. मंग म्या हात बी देईन."

नीतिशास्त्राची इतकी पुस्तके झाली, पण सिंदीच्या अंगणातली ही अट त्यातल्या कोणत्याही कलमाइतकीच पक्की आहे. जो नेतो, त्याने परत यावे.